स्ट्रेस टेस्ट पास, तरी गेम पडतोच: अंडरव्होल्टनंतर परत परत येणाऱ्या क्रॅशचं निदान

अंडरव्होल्ट केलेल्या, म्हणजे मूळपेक्षा कमी व्होल्टेजवर चालवलेल्या, मोठ्या ग्राफिक्स कार्डाची एक तक्रार ठरलेली असते. थ्रीडीमार्क या बेंचमार्कची (कार्डाचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्ट्रेस टेस्ट पास होते, स्कोअर मूळपेक्षा चांगला येतो, तापमान उतरतं, पंख्यांचा आवाज कमी होतो. आणि दोन-तीन दिवसांनी एखाद्या हलक्याफुलक्या गेममध्ये, कधी तर नुसत्या मेनूत, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि गेम बंद पडून डेस्कटॉप समोर येतो. मग ५-१० मिलिव्होल्ट वाढवून पुन्हा तीच टेस्ट लावली जाते. ती पुन्हा पास होते, आणि आठवड्याभरात तोच क्रॅश परत दार ठोठावतो.

हे चक्र तुटत नाही, कारण दर वेळी चुकीच्या जागी शोध घेतला जातो. टेस्ट पास झाली म्हणजे नेमकं काय पास झालं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट एकच दृश्य वीस वेळा फिरवते आणि सगळ्या फेऱ्यांचा फ्रेमरेट एकसारखा राहिला का, एवढंच बघते; ९७ टक्के किंवा त्याहून जास्त स्थिरता असली की पास. चित्रात हिशेबाची चूक झाली का, हे ती तपासत नाही. शिवाय त्या वीस फेऱ्यांत कार्ड एकाच तापमानाच्या आसपास आणि एकाच प्रकारच्या कामाखाली असतं. तुमचा गेम मात्र थंड कार्डावर सुरू होतो, मध्येच लोडिंग स्क्रीन येते, मेनूत फ्रेमरेट आभाळाला भिडतो, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) चालू-बंद होतं.

पुढची उदाहरणं आरटीएक्स ४०९० ची आहेत. ४५० वॅटचं हे कार्ड अंडरव्होल्टला फार छान प्रतिसाद देतं. पण एनव्हिडियाच्या ३०, ४० आणि ५० या तिन्ही मालिकांना निदानाची पद्धत हीच लागू पडते. एएमडीच्या कार्डांचा स्वभाव थोडा निराळा आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आधी पडण्याचा प्रकार ओळखा

स्लायडरला हात लावण्यापूर्वी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि ‘सिस्टम’ लॉगमध्ये क्रॅशच्या वेळेची नोंद शोधा. ‘डिस्प्ले’ची ४१०१ क्रमांकाची नोंद किंवा ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ (nvlddmkm, एनव्हिडियाचा ड्रायव्हर) नावाने आलेल्या १३, १४, १५३ अशा नोंदी दिसल्या, तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता. विंडोज कार्डाच्या उत्तराची ठरावीक वेळ वाट बघतं, मूळ सेटिंगला २ सेकंद, आणि उत्तर आलं नाही की ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. ही वेळ रजिस्ट्रीतून वाढवायचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. अंडरव्होल्टच्या बाबतीत तो निरुपयोगी आहे. अडकलेला जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) दहा सेकंद दिले म्हणून सुटत नाही.

पूर्ण संगणकच झटक्यात बंद झाला किंवा रीस्टार्ट झाला, आणि लॉगमध्ये फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतंय, तर गोष्ट वेगळी. ही नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कारण ती सांगत नाही. पण अंडरव्होल्टमुळे व्होल्टेज कमी पडलं तर सहसा ड्रायव्हर पडतो, वीज जात नाही. अशा वेळी संशय आधी पॉवर सप्लाय आणि केबलवर घ्यावा. स्क्रीन काळी, पंखे पूर्ण वेगाने, आणि संगणक आतून चालू असल्याचा आवाज येतोय, या लक्षणालाही पहिली तपासणी कार्डाच्या वीजजोडणीचीच.

गेम बंद न पडता चित्रात ठिपके, चमकणारे त्रिकोण किंवा रंगीत चौकटी दिसल्या, तर बहुतेक वेळा मेमरी जास्त ताणली गेलेली असते. आणि काहीच न पडता स्कोअर मात्र मूळपेक्षा कमी येतो, हा चौथा प्रकार. तो सगळ्यांत फसवा, म्हणून त्याला वेगळी जागा दिली आहे.

तपासलेला बिंदू आणि वापरातला बिंदू

एमएसआय आफ्टरबर्नर या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी कर्व्ह, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला चिप किती वेगाने (क्लॉकने) चालेल याचा आलेख, उघडतो. आडव्या अक्षावर मिलिव्होल्ट, उभ्यावर मेगाहर्ट्झ. समजा तुम्ही ९५० मिलिव्होल्टला २६२५ मेगाहर्ट्झ ठरवले आणि त्याच्या उजवीकडचा कर्व्ह सपाट केला. तुमच्या मनात आता कार्ड ‘९५० ला २६२५’ आहे. कार्डाच्या लेखी तसं काही पक्कं नसतं.

पहिलं कारण तापमान. एनव्हिडियाचं जीपीयू बूस्ट (क्लॉक आपोआप ठरवणारी यंत्रणा) तापमान वाढतं तसा कर्व्ह खाली सरकवतं आणि कार्ड थंड झालं की परत वर नेतं, साधारण १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी. म्हणजे कार्ड ६५ अंशांवर तापलेलं असताना तुम्ही २६२५ ठरवले, तर तेच कार्ड ४० अंशांवर त्याच ९५० मिलिव्होल्टला २६४० किंवा त्याहून एक पायरी वर पळतं. तुमची वीस फेऱ्यांची टेस्ट जवळजवळ संपूर्ण वेळ गरम कार्डावर झाली. सकाळी संगणक चालू करून लगेच गेम उघडला की पहिल्या काही मिनिटांत जो क्रॅश होतो, तो या न तपासलेल्या पायरीवर होतो. तासभर खेळलं की काही होत नाही, सुरुवातीलाच पडतं, ही तक्रार कोणी सांगितली की मी दुसरं काही विचारण्याआधी कर्व्ह कोणत्या तापमानाला ठरवला ते विचारतो.

दुसरं कारण पॉवर लिमिट. फरमार्कसारखं अतिजड काम लावलं की कार्ड वॅटची मर्यादा गाठतं आणि स्वतःहून कर्व्हवर डावीकडे, खालच्या बिंदूंवर उतरतं. तुम्ही अर्धा तास फरमार्क चालवून ‘स्थिर’ म्हणालात, पण त्या अर्ध्या तासात कार्ड ९५० मिलिव्होल्टला फिरकलंच नसेल. मध्यम कामाखाली ते वरच्या बिंदूवर चढतं आणि तिथे पडतं. उलटही घडतं: कर्व्ह वर उचलताना डावीकडचे सगळे बिंदूही उचलले गेले. ८७५ किंवा ९०० मिलिव्होल्टच्या बिंदूंवर आता मूळपेक्षा बरीच जास्त फ्रिक्वेन्सी बसली आहे आणि ती कधी तपासलीच गेली नाही. ठरवलेला बिंदू पक्का असताना पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणल्यावर गेम पडायला लागतात, ते यामुळे.

तिसरं कारण कामाचा प्रकार. साध्या रास्टर (रे ट्रेसिंग नसलेल्या) दृश्यात जीपीयूचे जे भाग शांत असतात ते रे ट्रेसिंगमध्ये, डीएलएसएसमध्ये (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणं) आणि फ्रेम जनरेशनमध्ये (मधल्या जादा फ्रेम बनवणं) जागे होतात. थ्रीडीमार्कच्या टाइम स्पाय टेस्टमध्ये पास झालेलं सेटिंग त्याच्याच रे ट्रेसिंगच्या पोर्ट रॉयल किंवा स्पीड वेमध्ये पडतं, आणि ते दोन्ही पास झालेलं ‘सायबरपंक २०७७’च्या पाथ ट्रेसिंगमध्ये (रे ट्रेसिंगचा सर्वांत जड प्रकार) दहा मिनिटांत गुडघे टेकतं. माझ्या मते अंडरव्होल्ट तपासायला सध्या पाथ ट्रेसिंगवाला गेम हीच सर्वांत कडक परीक्षा आहे. त्यातही एका जागी उभं राहू नका. नकाशावर फिरा, मेनू उघडा-बंद करा, सेव्ह लोड करा. शंभर टक्क्यांवरून शून्यावर आणि परत शंभरवर जाताना व्होल्टेजला जो हिसका बसतो, तो सलग चालणाऱ्या टेस्टमध्ये बसतच नाही.

दुरुस्ती

मेमरी ओव्हरक्लॉक (मूळपेक्षा वाढवलेला वेग) पूर्ण काढून टाका. शून्य. कोर (मुख्य चिप) आणि मेमरी एकत्र ताणलेले असताना क्रॅश कोणामुळे झाला हे ठरवणं अशक्य असतं, आणि लोकांचे आठवडे इथेच वाया जातात.

मग कर्व्ह रीसेट करून नव्याने बांधा. एकच बिंदू उचलून वर ठेवू नका. कोर क्लॉकच्या ऑफसेटने (मूळ आकड्यात भर घालणाऱ्या स्लायडरने) संपूर्ण कर्व्ह एकदम वर न्या, म्हणजे ९५० मिलिव्होल्टचा बिंदू हव्या त्या आकड्यावर येईल. मग त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू शिफ्ट दाबून निवडा, खाली ओढा आणि अप्लाय करा. आफ्टरबर्नर उजवी बाजू सपाट करून देतो. हे करताना कार्ड थंड असू द्या, डेस्कटॉपवरचं ३५-४० अंशांचं. म्हणजे तुम्ही ठरवलेला आकडा हाच कमाल आकडा राहील आणि गरम झाल्यावर कार्ड त्याच्या खालीच जाईल. स्कोअरमध्ये एखाद-दोन पायऱ्यांचं नुकसान होतं, पण सकाळचे क्रॅश थांबतात.

अप्लाय केल्यावर कर्व्हकडे पुन्हा नीट बघा. ठरवलेल्या बिंदूच्या उजवीकडे एखादा बिंदू १५ मेगाहर्ट्झने वर राहिलेला असतो. तेवढं पुरतं, कार्ड तिकडे धाव घेतं आणि व्होल्टेजही त्याबरोबर वाढतं. अंडरव्होल्ट केलं तरी व्होल्टेज १०५० च दिसतंय, अशा तक्रारीचं मूळ बहुधा हा एक चुकार बिंदू असतो.

आता पडलं तर व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी १५ मेगाहर्ट्झने खाली आणा. मी व्होल्टेज वाढवण्यापेक्षा फ्रिक्वेन्सी उतरवणं पसंत करतो, कारण त्याने वॅट आणि तापमान दोन्ही जागच्या जागी राहतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते. कोणत्याही दृश्यात पडणं थांबलं की आणखी एक पायरी खाली या आणि तिथेच थांबा. ही शेवटची पायरी उन्हाळ्यासाठी, नव्या ड्रायव्हरसाठी आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या, अजून न पाहिलेल्या गेमसाठी आहे. १५ मेगाहर्ट्झ म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

क्रॅश झाल्यावर लगेच पुढची टेस्ट लावू नका. संगणक रीस्टार्ट करा. ड्रायव्हर परत उभा राहिला तरी कार्ड कधी कधी कमी क्लॉकवर अडकून बसतं, आणि त्या अवस्थेतली टेस्ट पास झाली तरी तिला अर्थ नसतो. तसंच, सेटिंग पक्कं होईपर्यंत आफ्टरबर्नरचा ‘विंडोज सुरू होताच लागू करा’ हा पर्याय बंद ठेवा. ट्यूनिंगचं दुसरं सॉफ्टवेअर, मग ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं असो की एनव्हिडिया ॲपमधलं ऑटोमॅटिक ट्यूनिंग, चालू असेल तर तेही बंद करा. दोन सॉफ्टवेअर एकाच कर्व्हवर लिहीत असतील तर शेवटी कोणाचं सेटिंग टिकतं याचा भरवसा नाही.

मेमरी: पडत नाही, पण मंदावते

कोर पक्का झाल्यावरच इकडे वळा. ४०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी मूळ २१ गिगाबिट प्रति सेकंदाने चालते. आफ्टरबर्नर त्याचा अर्धा आकडा दाखवतो, म्हणून तिथले +१००० म्हणजे प्रत्यक्षात २३. हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर दुसऱ्याने सांगितलेला आकडा वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून दुप्पट ताण द्याल.

या मेमरीत चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवायची सोय आहे. त्यामुळे जुन्या कार्डांसारखे ठिपके लगेच दिसत नाहीत. आधी चुका वाढतात, पुन्हा पाठवण्यात वेळ जातो, आणि क्लॉक जास्त असूनही स्कोअर उतरतो. म्हणून इथे ‘पडत नाही ना, मग अजून वाढव’ हा न्याय चालत नाही. १००-१०० ने वाढवत जा, दर पायरीला तोच बेंचमार्क चालवा, आकडे लिहून ठेवा. चढ थांबतो ती जागा शोधा आणि तिथून निदान २०० मागे या. त्यानंतर ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) टेस्ट लावा. ती चुका मोजते आणि एकही चूक दिसली तर आणखी मागे जायचं. मेमरीच्या जंक्शन (चिपच्या आतल्या) तापमानावरही नजर हवी. ही मेमरी ११० अंशांजवळ स्वतःला आवरते, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून चुकांचं प्रमाण वाढू शकतं.

क्लॉक जास्त, स्कोअर कमी

मेमरी मूळ सेटिंगला आहे, काही पडत नाही, स्क्रीनवर २७०० मेगाहर्ट्झ दिसतायत, पण स्कोअर मूळ कार्डापेक्षा खाली. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि नेहमीच्या जीपीयू क्लॉकशेजारी ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा. पहिला आकडा मागितलेला क्लॉक असतो, दुसरा प्रत्यक्षात मिळालेला. पूर्ण लोडखाली दोघांत १५-२० चा फरक असेल तर ठीक. ६०-७० चा असेल तर त्या व्होल्टेजला ती फ्रिक्वेन्सी झेपत नाहीये आणि कार्ड पडण्याऐवजी मधले ठोके गाळतंय. एकच बिंदू उचलून बनवलेल्या कर्व्हमध्ये हे हमखास दिसतं. वर सांगितल्याप्रमाणे पूर्ण कर्व्ह उचलून बांधला की फरक बराच मिटतो.

दुसरी शक्यता अशी की त्या बेंचमार्कमध्ये अंडरव्होल्टचा फायदा नव्हताच. अंडरव्होल्टने स्कोअर वाढतो तो कार्ड वॅटच्या किंवा तापमानाच्या मर्यादेला टेकलेलं असेल तेव्हाच. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. १०५० वरून ९५० मिलिव्होल्टवर आलात तर त्याच फ्रिक्वेन्सीला कोरची ही वीज सुमारे १८ टक्के वाचते, आणि मर्यादेला टेकलेलं कार्ड ती बचत क्लॉक टिकवायला वापरतं. मर्यादेपासून लांब असलेल्या कार्डाला त्या बचतीचा उपयोग नाही. तिथे कमी ठरवलेला क्लॉक म्हणजे सरळ कमी स्कोअर. जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधली ‘परफकॅप रीझन’ (क्लॉक कशामुळे अडला) ही ओळ हे स्पष्ट सांगते. तिथे ‘पॉवर’ दिसत असेल तर अंडरव्होल्ट करा, ‘व्होल्टेज’ दिसत असेल तर त्या बेंचमार्कसाठी अंडरव्होल्ट विसरा. स्टील नोमॅडसारखी ४के वरची जड टेस्ट आणि टाइम स्पाय यांत म्हणूनच उलटसुलट निकाल येतात. स्कोअरसाठी एक प्रोफाइल आणि रोजच्यासाठी दुसरं, असं वेगळंच ठेवावं. एकाच सेटिंगकडून दोन्ही अपेक्षा धरल्या की दोन्हीकडे हात अपुरा पडतो.

एएमडी

एएमडीच्या ॲड्रेनालिन या सॉफ्टवेअरमध्ये आरडीएनए २ आणि ३ च्या (आरएक्स ६००० आणि ७००० मालिकांच्या) कार्डांना जो व्होल्टेजचा स्लायडर आहे, त्यावर ११०० लिहिलं म्हणजे कार्ड ११०० मिलिव्होल्टवर चालेल असं नाही. तो पूर्ण कर्व्ह खाली ढकलतो. वाचलेल्या विजेत कार्ड आणखी वरचा क्लॉक गाठतं आणि त्या नव्या उंचीवर पडतं. म्हणून इथे व्होल्टेज कमी करताना कमाल फ्रिक्वेन्सीलाही लगाम घाला. आरएक्स ९०७० एक्सटीच्या पिढीत थेट ऑफसेट आहेत, तत्त्व तेच.

इथला खरा सापळा दुसराच आहे. क्रॅशनंतर ॲड्रेनालिन सगळं ट्यूनिंग मूळ सेटिंगवर नेतं आणि तसा एक छोटा संदेश दाखवतं. तो नजरेतून सुटला की पुढचे चार दिवस तुम्ही मूळ सेटिंगवर खेळता, कार्ड अर्थातच पडत नाही, आणि तुमची खात्री होते की अंडरव्होल्ट स्थिर आहे. पुन्हा प्रोफाइल लावलं की पुन्हा क्रॅश. दर वेळी टेस्टआधी ट्यूनिंगचं पान उघडून आकडे डोळ्यांनी बघा.

कार्ड निर्दोष असतं तेव्हा

सगळं काढून, कार्ड पूर्ण मूळ सेटिंगवर ठेवून दोन दिवस वापरा. तरीही पडत असेल तर अंडरव्होल्ट आरोपी नाही, आणि कर्व्हशी झटापट करण्यात अर्थ नाही.

अनरियल इंजिनचा गेम शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं म्हणून पडतो, आणि २४ जीबीच्या कार्डावर? इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी त्याच्याकडे बघा. त्या पिढ्यांतला व्होल्टेजचा दोष इंटेलने मान्य केला आहे आणि २०२४ मध्ये ०एक्स१२९ व नंतर ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिले. ते मिळवायला मदरबोर्डचा बायॉस अपडेट करा. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमला वाढीव वेग देणारं सेटिंग) बंद करूनही एकदा बघा; रॅमच्या चुका ग्राफिक्सच्या क्रॅशचं सोंग फार बेमालूम घेतात. कार्ड रायझर केबलवर (स्लॉटपासून लांब नेणाऱ्या जोडकेबलवर) उभं लावलेलं असेल आणि लॉगमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी साचत असतील, तर कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून तपासा.

कार्डाच्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर या वीजजोडणीबद्दल हयगय नको. संगणक बंद करा, पॉवर सप्लायचा खटका खाली करा आणि कनेक्टर पूर्ण आत बसलाय का ते प्रकाशात बघा. तो अर्धवट बसलेला असताना वितळल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि नंतर आलेल्या १२व्ही-२एक्स६ या सुधारित जोडणीत सेन्स पिना आखूड केल्या त्या याचसाठी, की नीट न बसलेल्या जोडणीतून कार्डाने पूर्ण वीज ओढू नये. कनेक्टरलगत केबल लगेच वाकवू नका. पहिले ३५ मिलिमीटर तरी सरळ जाऊ द्या. प्लास्टिक तपकिरी पडलेलं किंवा फुगलेलं दिसलं तर ती केबल परत लावायची नाही. जुना पॉवर सप्लाय असेल तर क्षणिक उसळ्यांचाही विचार करा. एटीएक्स ३.० मानकात पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उसळी सोसावी अशी अट घातली गेली ती अशाच मोठ्या कार्डांमुळे. त्याआधीचा सप्लाय लेबलवरचे वॅट पुरेसे असूनही झटक्यात बंद होऊ शकतो. अशा संगणकावर अंडरव्होल्टने क्रॅश कमी होतात, आणि मूळ दुखणं तसंच झाकलेलं राहतं.

हे सगळं तपासून, ड्रायव्हर डीडीयू या सफाईच्या सॉफ्टवेअरने पुसून नव्याने टाकून, शक्य असल्यास कार्ड दुसऱ्या संगणकात लावूनही ते मूळ सेटिंगवर पडत असेल, तर कार्ड वॉरंटीत द्या. देताना कार्डाचा बायॉस मूळचाच असू द्या. मूळ सेटिंगवरच्या क्रॅशच्या इव्हेंट नोंदी आणि एचडब्ल्यूइन्फोचा लॉग सोबत जोडा. त्यात कोणत्या टेस्टला, किती मिनिटांनी, किती तापमानाला पडलं हे तारखेसह लिहा, म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यांना तोच क्रॅश त्यांच्या टेबलावर उभा करता येईल.